चौदा फ्रॉक

३ मार्च

चि. लाडक्या लेकीस,

आईचे पोटभर आशीर्वाद. जावईबापूंनाही सांग. भिंगरीचा एक गालगुच्चा घे, पण हळू, नाहीतर पोरगी घर डोक्यावर घेईल.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. तुमच्याकडे फोनवर बोललं की भिंतीसुद्धा कान टवकारतात, तेव्हा लिहिलंस ते बरं केलंस. आम्ही इथे मजेत आहोत. पत्रात लिहायची पद्धत म्हणून नाही, खरंच मजेत. शाळेच्या गणवेशांचं काम आलंय आणि दुकानात पाय ठेवायला जागा नाही. पायमशीनला अखेर मोटर बसवली, त्यामुळे गुडघे मला दुवा देतायत. तुझे बाबा निवृत्त झाल्यापासून काउंटरमागे बटणं लावायला बसतात. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, त्यांना वाटलं बटण म्हणजे हातचा मळ. पहिल्याच दिवशी सहा सदऱ्यांची बटणं काजांच्याच बाजूला लावून ठेवली. मी काही बोलले नाही. म्हणजे फार काही बोलले नाही. आता हात बसलाय, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांशी गप्पा मारायला मिळतात म्हणून स्वारी खुशीत असते.

बरं, तू शेवटच्या चार ओळींत लिहिलंस ते मी तीनदा वाचलं. भिंगरीला सात वर्षं पुरी झाली, तर सुट्टीत तिला माहेरी ने आणि दाईकडून उरकून आण, असं विहीणबाईंचं म्हणणं. रीतीप्रमाणे बरोबरच आहे ते. मुलीला दाईच्या ब्लेडखाली न्यायचं ते आईच्या आईने, दुसऱ्या कुणी नाही. झालं की मी नवा फ्रॉक शिवून तुझ्या सासरी पाठवायचा, म्हणजे तिथल्या बायकांना काही न विचारता कळतं. तू लिहितेस, मला काहीच सुचत नाही, तू सांगशील तसं मी करेन.

एवढं ओझं माझ्यावर टाकू नये गं. मी विचार करून कळवते. तुझ्या वेळची गोष्ट वेगळी होती, तेव्हा मी पण तिशीच्या आतली, आणि घरात मोठ्या बायका चार. ते असो. गणवेशांच्या कॉलरी पडल्यात, उठते.

उन्हाळा सुरू झालाय. भिंगरीला उगाच स्वेटरात कोंबत जाऊ नकोस.

तुझी आई


१९ मार्च

चि. लेकीस आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. बरंच काही झालंय, ते ओळीने सांगते.

गेल्या आठवड्यात बेकरीवालीची नात फ्रॉकच्या ट्रायलला आली. तीनच दिवसांपूर्वी तिला दाईकडे नेऊन आणलं, असं बेकरीवालीने मला कानात सांगितलं होतं. पोरगी आली ती दुकानाच्या तिन्ही पायऱ्या एका उडीत चढून. स्टुलावर उभी केली तर एका पायावर उभी. मी तोंडात टाचण्या धरून खाली बसले होते, झालर दुमडत, आणि एकदम डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तीस वर्षं मी हे फ्रॉक शिवतेय. पूर्वी ज्या पोरी यायच्या त्या अशा येत नव्हत्या. भिंत धरून पायरी चढायच्या. स्टुलावर चढ म्हटलं की आईकडे बघायच्या. मी त्यांना जमिनीवरच उभं करून माप घ्यायची, आणि पुढचं माप लिहायला लागायची. हात चालू ठेवला की डोकं चालवावं लागत नाही, हा शिवणकामाचा मोठा फायदा आहे.

मग मी आठवायला बसले. गेल्या तीन वर्षांत असे चौदा फ्रॉक शिवले. त्यांतल्या कितीतरी जणी नाचत आल्या होत्या, एक तर दुकानभर लंगडी घालत होती. काल दुपारी दुकान तुझ्या बाबांच्या हवाली केलं आणि म्हातारी दाई राहते तिथे गेले. तीच मागच्या गल्लीतली खोली. आता पिवळा रंग दिलाय, तुला ओळखू येणार नाही.

म्हातारी मटार सोलत होती. मी आडपडदा न ठेवता विचारलं. तिने आधी कानांवर हात ठेवले, मग उठून दार लावलं, आणि मग पदर तोंडाला लावून हसायला लागली. म्हणाली, बायका येतात, पोरीला खाऊ देऊन कोपऱ्यात बसवतात, तासभर गप्पा मारतात, आणि निघताना माझे पाय धरतात की बाई कुणाजवळ बोलू नकोस, आमचंच एक घर असं निघालं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. येणारी प्रत्येक जण हेच म्हणते. मग जाते आणि तुझ्याकडे फ्रॉक शिवायला टाकते.

"तुझ्या चौदातल्या अकराजणींना मी बोटसुद्धा लावलेलं नाही," म्हातारी म्हणाली, "आणि अकराही घरांना वाटतं, गावात आपणच एकटे चोर."

अगं, मी इतकी हसले की म्हातारीला पाणी द्यावं लागलं मला. येताना हवेत तरंगतच आले. मनात सगळं ठरलंही. भिंगरीला घेऊन ये, आपणही म्हातारीकडे तासभर मटार सोलू, मी फ्रॉक शिवते, विहीणबाई खूश, पोर खूश. सापही मरावा आणि काठीही मोडू नये. त्याच पावली लिहायला बसले असते तर पत्र इथेच संपलं असतं.

पण चौदातून अकरा गेल्या की तीन उरतात. त्यांतली एक कंपाउंडरच्या बायकोची मुलगी. ती दोन आठवडे दवाखान्यात होती ते मला माहीत होतं, ताप आहे असं सांगितलं होतं. संध्याकाळी नेमकी तिची आई गणवेश न्यायला आली. विचारू नये ते मी विचारलं. ती बराच वेळ गणवेशाची घडी उलगडून परत घालत राहिली.

"मला नव्हतं करायचं, काकू," ती म्हणाली. "पण रोज कामावर जाता-येता तुमच्या दारात ते फ्रॉक टांगलेले दिसायचे. सगळ्यांच्या मुलींचं झालं. मग माझी एकटीचीच कशी ठेवू?"

मला तिच्याकडे बघवेना. मी पिशवी शोधत बसले, पिशवी समोरच होती.

काय करतात ते मी आजवर कधी लिहिलं नाही, तोंडानेही "ते काम" असंच म्हणत आले. सात वर्षांच्या पोरीला बायका धरून ठेवतात आणि तिच्या पायांमधला भाग ब्लेडने कापतात. लिहिलं बघ. कशासाठी, विचारलं तर मुलगी ताब्यात राहते, चांगलं घर मिळतं, आमचंही झालं, आम्ही काय मेलो का. आणि अगदीच खोदून विचारलं तर प्रत्येक जण शेजारणीकडे बोट दाखवते. ती शेजारीण म्हणजे माझ्या दारात टांगलेला फ्रॉक. मला वाटायचं मी आपली झालरी लावतेय.

तेव्हा मटार सोलायचा बेत रद्द. खोटा फ्रॉक पाठवला तर आपली भिंगरी वाचेल, पण तुमच्या गल्लीतली कुणीतरी तो बघेल आणि आपल्या पोरीला घेऊन निघेल. मी काय करायचं ते बघते. तू अजून कुणाला काही बोलू नकोस. जेवत जा वेळेवर.

तुझी आई


६ एप्रिल

माझ्या बाळे,

या खेपेला सगळ्यांना नमस्कार-चमत्कार राहू दे, पत्र एकटीने वाच.

आधी बातम्या. तुझ्या बाबांना मी सगळं सांगितलं. चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. आपल्या पुरुषांना काही माहीत नसतं, आणि आपण सांगत नाही. ते बटण लावत होते. म्हणाले, "मला वाटायचं, फ्रॉकचाच समारंभ असतो." मग थोड्या वेळाने विचारलं, आपल्या पोरीचंही? मी हो म्हटलं. त्यांनी सुई काउंटरवर ठेवली आणि त्या दिवशी परत हातात घेतली नाही. दुसऱ्या दिवशी आले कामाला, पण मला चहा विचारला नाही. चार दिवस विचारला नाही. पाचव्या दिवशी कप आणून ठेवला, साखर विसरले होते, मी तसाच प्याले.

मागच्या रविवारी दुपारी मी त्या चौदाजणींच्या आयांना दुकानात बोलावलं, गणवेशांचं निमित्त करून. काही तर आज्यांना घेऊन आल्या. कापडाच्या गठ्ठ्यांवर, पेटीवर, जिथे जागा मिळेल तिथे बसल्या. तुझ्या बाबांना मी बाहेर पिटाळलं. कुणाचं गुपित फोडायचं नाही असं मी ठरवलं होतं, म्हणून फक्त माझंच बोलले. म्हटलं, यापुढे माझ्या दुकानात तो फ्रॉक शिवला जाणार नाही, आणि माझ्या नातीला मी दाईकडे नेणार नाही. कुणाला नावं ठेवायची असतील तर आत्ताच ठेवा, मला कॉलरी लावायच्यात.

मला वाटलं, संपलं, आता गिऱ्हाइकंही गेली. मग बेकरीवाली घसा खाकरून म्हणाली की आमच्या नातीचंही झालेलं नाही, आम्ही नुसते बसून आलो. तिच्या पलीकडची तिच्याकडे डोळे फाडून बघायला लागली, आणि म्हणाली, मेले, मग मी तुला घाबरून एक वर्ष तुझ्या दुकानाकडे फिरकले नाही ते उगाच? तिथून जी सुरुवात झाली ती थांबेना. पाचव्या-सहाव्या बाईपर्यंत असा हशा पिकला की तुझे बाबा दारातून डोकावून गेले. मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

त्या तीन घरच्या बायका हसल्या नाहीत. दोघी मान खाली घालून निघून गेल्या. कंपाउंडरची बायको मशीनच्या स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसली. हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं. बेकरीवाली उठून तिच्याजवळ गेली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. कंपाउंडरच्या बायकोला आणखी एक धाकटी मुलगी आहे, चार वर्षांची. जाताना मला म्हणाली की धाकटीला ती कुणाच्या बापाचं ऐकून कुठेही नेणार नाही.

विहीणबाईंना मी स्वतःच फोन केला. त्यांनी लग्नाचं काढलं, अशी मुलगी करून कोण घेणार म्हणाल्या. मी म्हटलं, आमच्या गल्लीत अशा अकरा आहेत, त्यांचं जे होईल ते भिंगरीचं होईल. फ्रॉक येणार नाही, आणि खोटा तर मुळीच येणार नाही. त्यांनी फोन आपटला. फुगतील चार दिवस. तू घाबरू नकोस. आजीने नेल्याशिवाय होत नाही ही त्यांचीच रीत, आणि आजी नाही म्हणते. कुणी विचारलं तर माझं नाव सांग. तुला माझं सांगणं हवं होतं ना, तर हे माझं सांगणं. जावईबापूंनाही तू सगळं सांग, बाबांसारखं त्यांना चाळीस वर्षं ठेवू नकोस.

आता राहिलं ते. लिहायला बसले की मी दुसरंच काहीतरी लिहीत सुटते, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

तुझं झाल्यापासून मी सगळीकडे सांगत आले, आमची पोर रडली नाही. लग्नघरांत सांगितलं, पाहुण्यांत सांगितलं, तुझं ठरलं तेव्हा विहीणबाईंना सांगितलं, आणि त्यांनी कौतुकाने मान डोलावली. दरवेळी तू तिथेच कुठेतरी बसलेली असायचीस. एकदाही तोंड उघडलं नाहीस. मी मनाला समजावत होते, लहान होती, विसरली असेल.

तू रडलीस. पहिल्यापासून शेवटपर्यंत रडलीस. आई, आई म्हणून हाका मारल्यास. आवाज बाहेर गेला नाही, कारण तुझ्या तोंडावर माझा हात होता. इतरजणींपैकी कुणाचा नव्हता, माझा होता. तू त्या हाताला कडकडून चावलीस, तरी मी काढला नाही. नंतर आठवडाभर पट्टी होती, लोकांना मी सांगितलं, मशीनची सुई लागली.

माझ्या आईने माझंही तेच केलं होतं, हे मी लिहिणार होते. पण ते लिहून सुटायचं नाही मला. तू माझी होतीस, आणि मी तिथे होते. माझं चुकलं. हे शब्द मी तीस वर्षं राखून ठेवले, ते आज तुझे तुला देते.

सुट्टी लागली की भिंगरीला घेऊन ये. बाबा रोज कॅलेंडर बघतात. तिला इथे उड्या मारू दे, दुकान डोक्यावर घेऊ दे, टाचण्यांचा डबा सांडू दे. फक्त एक ऐक. तिला माझ्याजवळ एकटीला सोडू नकोस. बाजारात निघालीस तर बरोबर ने, आंघोळीला गेलीस तर बाबांजवळ बसव. मला वाईट वाटेल, खोटं कशाला सांगू, फार वाईट वाटेल. पण तुझ्या जिवाला स्वस्थता वाटेपर्यंत सोडू नकोस. आणि ती कधीच वाटली नाही, तर कधीच सोडू नकोस.

तू जिला हाका मारत होतीस ती,

तुझी आई