स्की, स्क्यौ, स्क्यः

१ फेब्रुवारी, गुरुवार

स्की! दोह्यात!

सकाळी नुपूरचा निरोप. पुण्याच्या साप्ताहिकातली ही माझी संपादक. वय सव्वीस, मराठी इंग्रजी अक्षरांत लिहिते आणि स्वरांशी तिचं जुनं वैर आहे. निरोप असा : 'ताई, ८ मार्चच्या अंकासाठी, दोह्यात नि जवळपास स्की कुठे कुठे जातात? बाराशे शब्द. फोटो मस्ट.'

बाईनं विभक्ती खाल्ली. 'स्कीला कुठे कुठे जातात' असं हवं. तो 'ला' मी माझ्या पदरचा जोडला. वीस वर्षं पोरांना संस्कृत शिकवलंय, एवढं येतं मला.

महिला दिनाच्या अंकात स्की कशाला? तर दरवर्षी त्या अंकात एक बाई विमान उडवते, एक बाई डोंगर चढते. यंदा एखादीनं डोंगर उतरावा असं ठरलं असणार. पण डोंगर आणायचा कुठून? हा देश पोळपाट आहे. बर्फ म्हणाल तर सरबतात!

अनंतराव (नवऱ्याला चिडवायचं असलं की मी 'राव' लावते) वर न बघता म्हणाले, "लिहिताना काहीतरी चुकलंय तिचं. विचारून घे."

इंजिनिअर माणूस. त्याला काय कळतंय भाषेतलं!

झोपण्यापूर्वी शब्द चालवून पाहिला. नियमानं तो 'धी'प्रमाणे चालायला हवा : स्कीः, स्कियौ, स्कियः. पण धी म्हणजे बुद्धी, आणि या कामाशी तिचा काही संबंध दिसत नाही. म्हणून 'नदी'प्रमाणे. स्की, स्क्यौ, स्क्यः. झकास वाहतो!

२ फेब्रुवारी, शुक्रवार

वरच्या मजल्यावर हजराकडे गेले. दोह्यातल्या फरीज बिन ओमरान वस्तीतल्या या इमारतीत आम्ही एकाच वर्षी राहायला आलो. मधे एक जिना नि अकरा वर्षं. दार उघडंच होतं, खोलीभर खोके. तिचे यजमान मजीदभाई हमद पोर्टवर, आयुष्यभर दुसऱ्यांचे कंटेनर मोजले, साठी झाली, आता स्वतःचे खोके मोजतायत. कायमचं परतायचं, तिकीट ५ मार्चचं. रोजे रत्नागिरीच्या घरी धरायचे, असं ठरलंय.

५ मार्च. म्हणजे बत्तीस दिवस.   या विषयावर आम्ही दोघी महिनाभर काही न बोलण्याचं फार छान जमवलंय.

नुपूरचा निरोप दाखवला. हजरानं चष्मा लावून मोबाइल जवळ धरला, लांब धरला, पुन्हा जवळ. मग ओढणी तोंडाला लावून हसत सुटली. खांदे हलेपर्यंत!

"काय झालं?"

"काय नाय गो. इस्की! मग जावया की, भैरवीबाय. लिवायच्या आधी बगायला नको?"

तिची लेक इनाया गेल्या वर्षी बारावी झाली. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. कानातले इअरफोन न काढता म्हणाली, "आंटी, देअर इज नो स्नो इन कतार."

"म्हनून तर बातमी," हजरा म्हणाली. मला पत्रकारिता शिकवणार ही आता!

४ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर फोन. शहराबाहेरच्या मोठ्या मॉलमध्ये बर्फाची बाग आहे. तिथला माणूस फार गोड बोलला : "मॅडम, स्की नो. स्लेज यस. हॅपिनेस यस." म्हणजे बसून घसरायचं. बसून घसरणं हे स्कीइंग मानावं का? उभं राहिल्यावर शेवट तसाच होणार असेल, तर आधीपासून बसलेलं काय वाईट!

दुसरी जागा वाळूची. मेसईदच्या पुढं सीलाइनला टेकड्या आहेत, लोक पायाला फळ्या बांधून उतरतात म्हणे. खरा बर्फाळ उतार हवा तर दुबई, तोही छपराखाली.

७ फेब्रुवारी, बुधवार

उणे चार! बाहेर बावीस, आत उणे चार!

हजराच्या काळ्या, पायघोळ अबायावर त्यांनी भाड्याचा निळा कोट चढवला. खालून अबाया, वरून एस्किमो. माझ्या कोटाची चेन पोटावर येऊन थांबली आणि पुढं जाईना. इनाया चित्रण करत होती, तिला वाटलं मला दिसत नाहीये.

आत गेल्यावर हजरा दारातच थांबली. चोपन्न वर्षांची बाई, पहिल्यांदा बर्फ बघतेय. खाली वाकली, मूठभर उचलला, वास घेतला. (वास!) मग जिभेवर ठेवला.

"काय लागतंय?"

"फ्रीज लागतो."

मग स्लेज. एकीवर दोघी बसायचं नव्हतं, पण हजरानं त्या पहारेकरी मुलीला हिंदीत सांगितलं की ही माझी बहीण आहे आणि हिला एकटीला चक्कर येते. मुलीनं आमच्याकडं बघितलं, माझी टिकली, तिचा हिजाब. "यल्ला, यल्ला," म्हणाली आणि ढकललं!

मी ओरडले. हजरा "या अल्ला" म्हणाली, मी "आई गं" म्हणाले आणि एका रशियन कुटुंबाच्या मधून आम्ही पार झालो. थांबल्यावर उठता येईना, थंडीनं नव्हे, हसून. इनाया वरून ओरडली, "दॅट इज नॉट स्कीइंग! दॅट इज फॉलिंग!"

सात वेळा केलं. बातमीसाठी एक पुरली असती.

१० फेब्रुवारी, शनिवार

फुटबॉलचा आशिया चषक कतारनं जिंकला. हॉर्न, हॉर्न, हॉर्न. हजरा वरून पाय आपटून विचारते, जाग आहे का. मी झाडूनं छताला ठोकून सांगते, आहे. अकरा वर्षं हीच आमची टेलिफोन कंपनी.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

आज क्रीडा दिन. सगळ्या देशाला सुट्टी, सगळ्यांनी घाम गाळावा अशी अपेक्षा. आम्ही गाळला!

मजीदभाईंच्या पोर्टवर एक लेबनॉनचे साहेब आहेत. त्यांच्या गावाकडं खरे बर्फाचे डोंगर. त्यांची स्कीची जोडी इथं कपाटामागं पडून होती, ती मिळाली. बूट इतके मोठे की हजरानं आत तीन मोजे घातले. सीलाइनला पोचल्यावर मजीदभाईंनी गाडीच्या चाकांतली हवा कमी केली, वाळूत रुतायला नको म्हणून. हवा फुस्स होताना अनंतराव म्हणाले, "आमच्या लेखिकेची पण थोडी काढा."

आता वाळूवर स्की सरकेना. साहेबांनी सांगून पाठवलं होतं, खालून मेणबत्ती घासा. हजरानं ऐकलं नाही. कोकणात जन्मलेल्या बाईला एकच गोष्ट ठाऊक : काहीही अडलं, किरकिरलं, सुजलं तर खोबरेल. पिशवीतून बाटली काढली आणि दोन्ही फळ्यांना चांगलं चोळून लावलं.

ठेवल्या वाळूवर. उचलल्या. आख्खी सीलाइन चिकटलेली!

मजीदभाई शांतपणे म्हणाले, "रवा लावलास. आता तळूया काय?"

खरंच, तव्यावर जायला तयार झालेले दोन भलेमोठे बांगडे! मी वाळूत बसले. हसून हसून पोटात कळ. पुसायला अर्धा तास, मग मेणबत्ती.

आधी मी. स्की निघाली, मी राहिले.

मग हजरा. अबायाचा घोळ कमरेला खोचला, बिस्मिल्ला म्हणाली आणि उभी. उभी! वाकली नाही, ओरडली नाही. चार सेकंद, अनंतनं मोबाइलवर मोजले. मागं वाळूत दोन सरळ रेघा, वहीला आखतात तशा. मग तिच्या लक्षात आलं की थांबायचं कसं हे आपण विचारलंच नव्हतं, आणि ती व्यवस्थित, अदबीनं बसली.

इनाया धावत खाली गेली. आणि पहिल्यांदाच मराठीत ओरडली, "मम्मी! केलंस तू!"

परतताना गाडीत हजरानं माझा हात धरून ठेवला होता. वाळू लागत होती दोघींच्या तळव्यांत. बावीस दिवस. नाही, एकवीस. आज संपलाच की.

१४ फेब्रुवारी, बुधवार

'पृष्ठभाग' या शब्दाची व्युत्पत्ती आज शरीरानं समजावली. उभ्यानं जेवले.

१८ फेब्रुवारी, रविवार

लेखाला पुरेसं झालंय. कबूल करते, इथं कोण वाचतंय. बाग झाली, वाळू झाली, दुबईवर एक परिच्छेद टाकला की बाराशे.

पण वर जाऊन सांगितलं की अजून बरंच बघायचं राहिलंय. तोंड शक्य तितकं गंभीर ठेवून.

हजरा खोक्यात ताटं भरत होती. वर्तमानपत्रात ताट, ताटावर वर्तमानपत्र. "राहयलाय ना? मना वाटलाच. अर्धवट लिवू नको बाय, लोक नावा ठेवतील."

मग तिनं मला आपला पुरणयंत्राएवढा जड खलबत्ता दिला. "विमानात न्यायला देनार नाहीत."

देतील. सामानात का देणार नाहीत? मी म्हटलं, "हो, नाहीच देत."

२४ फेब्रुवारी, शनिवार

'जवळपास' या अव्ययाचा अर्थ ताणला तसा आज 'स्की' या नामाचाही ताणला. मॉलमधल्या बर्फाच्या रिंगणात स्केटिंग! शिकाऊ पोरांना धरायला तिथं प्लास्टिकचे पेंग्विन देतात. आम्ही दोन पेंग्विन घेतले. वय विचारलं नाही कुणी.

हजरानं पेंग्विनला 'मजीद' म्हणायला सुरुवात केली. "मजीद, सरल चल." "मजीद, मना पाडू नको." एक पाच वर्षांची पोर आम्हाला तीनदा मागं टाकून गेली, चौथ्यांदा थांबून म्हणाली, "यू कॅन डू इट!"

बाहेर कॉफी घेतली. बूट काढल्यावर पाय दुसऱ्या कुणाचे वाटत होते. हजरा कपात बघत म्हणाली, "तिकडं आंगन हाय. समुद्र हाय. सगला हाय."

"मग?"

"मग काय. खाली ठोकायला कोन नाय."

मी साखर ढवळत राहिले. मी साखर घेत नाही.

२९ फेब्रुवारी, गुरुवार

यंदा फेब्रुवारीनं एक दिवस जास्तीचा दिला. देवाला शुक्रन. तो दिवस आम्ही काहीही न करता, खोक्यांवर बसून, खाऱ्या दाण्यांवर घालवला.

१ मार्च, शुक्रवार

लेख धाडला. बाराशे चौदा शब्द. शीर्षक : 'वाळवंटातला उतार'. बांगडा ठेवलाय. पेंग्विन ठेवलाय. फोटोत दोन सरळ रेघा.

२ मार्च, शनिवार

धरणीमाते, पोट उघड! सीलाइनची असशील तरी चालेल!

नुपूरचा फोन. "ताई, लेख वाचला. पण... स्की?"

"तूच लिहिलंस ना, स्कीला कुठे जातात."

"स्कीला नाही हो! सखी! दोह्यात सखी कुठे कुठे जातात! बायका-बायका कुठं भेटतात, काय करतात. घाईत 'एस-के-एच-आय' लिहिलं, फोननं त्याचं स्की केलं वाटतं. आणि मी 'ला' कुठं लिहिलाय?"

'ला' मी लिहिलाय. माझ्या पदरचा. सखी कुठे कुठे जातात : कर्ता, क्रियापद, सगळं जागच्या जागी, एक 'सख्या' हवं होतं ते सोडलं तर वाक्य पहिल्यापासून शुद्ध होतं! अशुद्ध फक्त वीस वर्षं संस्कृत शिकवणारी बाई.

म्हटलं, "दुसरा लिहून देते उद्यापर्यंत."

 मग नुपूर म्हणाली, "नको ताई. हाच लेख आहे तो. मी फक्त वरचं शीर्षक बदलते."

अनंतला सांगितलं. त्यानं 'विचारून घे म्हटलं होतं' असं म्हटलं नाही. पेपर मात्र इतका उंच धरला की चेहरा दिसेना, आणि पेपर थरथरत होता.

हजराला अजून सांगितलं नाही. काय सांगणार? महिनाभर तिला चुकून पाडत होते?

५ मार्च, मंगळवार

विमानतळ. मजीदभाई नि इनाया सामान ढकलत पुढं गेले. मग मी हजराला सांगून टाकलं. स्की नव्हतंच ते. सखी होतं.

ती हसली नाही. माझ्या खांद्यावरची नसलेली वाळू झटकली.

"मना त्याच दिशी कललेला, बाय. आमच्या घरच्या ग्रुपवर सगली तसाच लिवतात."

"मग बोलली का नाहीस!"

"बोलली असती तर तू मना चायला नेली असतीस, एकदा. बरफावर कोन नेनार होता?"

गेली.

घरी येऊन शब्द चालवला. नदीप्रमाणेच चालतो. सखी, सख्यौ...

सख्यौ म्हणजे दोघी. पुढं बहुवचन आहे. तिथवर गेले नाही.