दहा लाख एक

१२ ऑगस्ट, सकाळ
अलकाच्या महिला मंडळाने गणपतीत दहा लाख नामजपाचा संकल्प ठरवलाय. मी म्हटलं, शून्यावर संपणारा आकडा शुभ नसतो, शगुनाचा एक वर चढवा. १०,००,००१. चढवता चढवता लक्षात आलं, याला कशानेच भाग जात नाही. प्राइम! बँकेत उगाच वय घालवलं.

दुपार
उत्सवाचा सेक्रेटरी आल्हाद याच्याकडून ३१ तारखेचं व्याख्यान मिळवलं. विषय: ‘अभंग संख्या’. अलका माझ्या एकाही भाषणाला आलेली नाही. या वेळी ती आली पाहिजे. बाकी हॉल रिकामा राहिला तरी चालेल.

१४ ऑगस्ट
आजपासून चहा बंद, फक्त भागाकार. तीनाने भागलं, दोन उरले. सातानेही दोन. अकरा, तेरा, तिथेही दोनच. नियम सापडला: बाकी नेहमी दोन.

संध्याकाळ
सतराला दहा उरले. अपवादानेच नियम सिद्ध होतो. चहा घेतला.

१९ ऑगस्ट
जावई पराग, इंदूरला गणित शिकवतो. त्याचा फोन. म्हणे हजारापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघा, नाहीतर मोबाइलवर मिनिटात कळेल. मी म्हटलं, मोबाइलवरचं ज्ञान बॅटरीबरोबर उतरतं. बरं वाक्य. भाषणात घालणार.

२६ ऑगस्ट
सत्त्याण्णवपर्यंत पोचलो. अठ्ठावीस उरले. शंभरावर हद्द आखली. पुढचे सगळे आकडे यांचीच पोरंबाळं. जिथे आईबाप हरले तिथे पोरं काय दिवे लावणार? टावर चौकात कचोरी खाल्ली, संशोधन पूर्ण.

३० ऑगस्ट
अलकाला विचारलं, उद्या येशील ना? म्हणाली, सगळ्या जणींना घेऊनच येते. फार बरं वाटलं. कुर्ता स्वतः इस्त्री केला. बाही जळाली. जाकीट घालीन.

३१ ऑगस्ट, संध्याकाळ
हॉल भरलेला. अलका पहिल्या रांगेत. छान बोललो. शेवटी आव्हान दिलं: कोणीही उठावं आणि या आकड्याचे सारखे वाटे करून दाखवावेत. अलका उठली. वाटलं, कौतुक करणार.
म्हणाली, “अहो, आम्ही केले ना. एकशे एक जणी आहोत, हरेकीला नऊ हजार नऊशे एक जप. बराबर बसलं, एकही नाही उरला. किती विचार करून दिलात आकडा!”
मनापासून म्हणत होती, तेच वाईट. हॉल हसत होता, ती टाळ्या वाजवत होती.
घरी येताना ऑटोत विचारलं, शंभर बायकांवर ही एक कोणी चढवली? म्हणाली, तुम्हीच ना सांगितलंत, शून्यावर संपणारा आकडा शुभ नसतो.

१ सप्टेंबर
मंडळातल्या जयूताई अचानक लेकीकडे भोपाळला गेल्या. त्यांचा वाटा अलकाने माझ्या नावावर टाकला. म्हणाली, तुम्ही नाही केलात तर आकडा मोडेल.
सकाळपासून माळ घेऊन बसलोय. दोन माळा झाल्या. मधे डुलकी लागली, तिथला हिशेब नक्की नाही. अलका येऊन विचारून गेली, किती झाले. मी म्हटलं, बरेच.