दोन चिमटे

४ मार्च, मंगळवार

आज लेकानं इस्त्री फेकली. नातीच्या अंगावर. का, तर लॉन्ड्रीत आलेल्या हॉटेलच्या चादरीची घडी उलटी पडली! चादरीला काही झालं नाही. पोरीचा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. कातडी इस्त्रीलाच चिकटून आली. ती मी नंतर खरवडून काढली — दुसऱ्या चादरीला डाग लागायला नको.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कसं झालं? पोरगी म्हणाली, "माझाच हात लागला." बाई माझ्याकडे वळल्या. "आजी, तुम्ही होतात ना तिथं?" म्हटलं, मी काही पाहिलं नाही, माझी पाठ होती.

पाठ कुठली! समोर उभी होते, तोंडात कपड्याचा चिमटा धरून.

पोटचा आहे. काय करता.

५ मार्च

पोरगी चोरून फ्रेंच शिकते. शनिवारी तोंडी परीक्षा. पास झाली तर परदेशात, म्हाताऱ्यांच्या आश्रमात नोकरी. म्हटलं, इथली एक म्हातारी पुरली नाही का तुला? मेली हसली. भाजलेला हात उराशी धरून हसली!

बापाला कळलं तर तंगडं मोडेल. तिची आई कधीच गेली. पोरगी गेली तर एवढ्या चादरींना इस्त्री कोण करणार? माझे हात आता फक्त वाळत घालायला आणि घड्या घालायला.

बाप मोबाईल तपासतो. म्हणून तिनं युक्ती केली. गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर खूण घालायची पक्की शाई असते आमच्याकडे. तिनं फाटक्या फडक्यांवर एकेक शब्द लिहिलाय आणि मागच्या दोरीवर ओळीनं टांगलेत. कपडे टांगता टांगता वाचते. बापाला वाटतं, पोछे वाळतायत.

६ मार्च

आज मलाही शिकवलं. होऊन गेलेल्या गोष्टीला नाही कसं म्हणायचं ते. आपण शेवटी एक 'नाही' टाकतो, सुटलो. त्यांना दोन लागतात — एक अलीकडे, एक पलीकडे. चादरीच्या दोन टोकांना चिमटे, तसंच. पण गंमत बघा, मध्ये धरायचं ते आपल्या 'आहे'सारखं काहीतरी किरकोळ. खरी झालेली गोष्ट — पाहिलं, मारलं — ती चिमट्यांच्या बाहेरच लोंबत राहते. झ ने पा व्ह्यू — 'न' आणि 'पा' हे चिमटे, 'व्ह्यू' म्हणजे पाहिलं. मी पाहिलं नाही.

'पा'च्या जागी 'रियँ' टांगलं की काहीच पाहिलं नाही. 'जामे' टांगलं की कधीच नाही. आणि कुणालाच पाहिलं नाही म्हणायचं तर ते 'पेर्सोन' आत बसतच नाही, पार दोरीच्या टोकाला जातं. म्हटलं, बरोबर आहे. वेळेला कुणी जवळ नसतंच.

"आजी, तू माझ्याआधी पास होशील!"

"होणारच. नाही म्हणण्यात मी मुरलेय."

हसली नाही. फडकी उतरवायला लागली. मुद्दाम बोलले नव्हते, पण लागलं तिला.

७ मार्च

घात झाला, आणि तो माझ्या हातानं. वाळलं की घडी घालायची, बघायचं नाही, ही जन्माची सवय. 'पा'चं फडकं नॅपकिनांच्या गठ्ठ्यात गेलं. दुपारी हॉटेलच्या मॅनेजरचा फोन — "ही खूण कुणाची? का फ्रेंच शिकतंय कुणी तुमच्याकडे?" बिचारा गमतीनं बोलला. फोन लेकाच्या हातात होता.

त्यानं तिला केसाला धरून मागच्या दारातून आत ओढली. टेबलाच्या कडेवर तोंड आपटलं. ओठ फुटला, एक दात हलला. सगळी फडकी बंबात घातली. फडकी जळत होती तोवर पोरीची मान धरून बंबासमोर बसवली, "बोल आता फ्रेंच! बोल!" मी मध्ये गेले तर मला भिंतीवर ढकललं. आईला! बरगडी अजून ठणकते.

रक्त पुसलं ते मीच. पाण्यानं, मग मिठानं, मग पुन्हा पाण्यानं. डाग गेला.

८ मार्च, शनिवार

सकाळी पोरगी पिशवी घेऊन दाराशी आली. तो आडवा. "परीक्षा? बोटं राहिली तर जाशील ना!" तिचा बरा हात पकडून इस्त्रीच्या रोलरकडे ओढायला लागला. रोलर चालू होता. चादर जिथून आत जाते तिथं तिची बोटं नेली. पोरगी नुसती माझ्याकडे बघत होती.

मी कपडे धोपटायची मोगरी उचलली. त्याच्या नडगीवर घातली. लाकूड फुटल्यासारखा आवाज झाला. लाकूड फुटलं नव्हतं.

तो पडला. बटण बंद केलं. पोरीला म्हटलं, पळ, उशीर होईल.

त्याच दिवशी, संध्याकाळी

लेक इस्पितळात, पायाला सळई घालणार. पोरीचा फोन आला. परीक्षा घेणाऱ्या बाईंनी विचारलं, काल दिवसभर काय केलंस ते सांग. हिची सगळी नाहीची वाक्यं पाठ होती — बाहेर गेले नाही, काही खाल्लं नाही, कुणाला भेटले नाही. बाई ओठाकडे बघत राहिल्या.

"आजी, मला चिमटेच सापडेनात. इल मा फ्रापे, म्हटलं. त्यानं मला मारलं. मग पुढचं सगळं सांगत सुटले."

बाईंनी पाणी दिलं. मग पोलिसांना फोन केला. पोरगी त्यांच्या ओळखीच्या वसतिगृहात आहे.

"पास का?"

"कळवतील."

रडत होती. म्हटलं, रडून दात घट्ट बसत नाही, झोप जा.

९ मार्च

लेकाला डबा दिला. म्हणतो, "आई, मी पोलिसांना सांगितलंय घसरलो म्हणून. पोरगी खोटारडी आहे. तू फक्त म्हण, काही पाहिलं नाही. दरवेळी म्हणतेस तसं."

बोलताना माझा हात धरला होता. लहानपणीही असाच धरायचा. उशी नीट केली आणि निघाले.

१० मार्च

पोलीस आला तेव्हा मी दोरीपाशी होते. "बाप एक सांगतो, पोरगी दुसरं. घरात तिसऱ्या तुम्हीच, आजी. काही पाहिलंत का?"

तोंडातला चिमटा काढला. "सगळं पाहिलं. बसा, लिहून घ्या. आणि तो घसरला नाही. ती मोगरी माझी."