घरगाडी कोणाच्या नावे

मी, या कागदाखाली सही करणारा, वय चौऱ्याहत्तर, धंदा मोटारींच्या सीटा शिवणे, शिक्षण सातवी नापास, असे लिहून ठेवतो की आज माझे डोके ठिकाणावर आहे. हात थोडा कापतो, पण तो चाळिशीपासून कापतो आणि त्याने माझी शिवण कधी वाकडी गेली नाही. मला कोणी दारू पाजलेली नाही की दम दिलेला नाही. बाजारात मला धास्तीमामा म्हणतात, तेव्हा हे सगळे घाबरून लिहिले असे कोणी म्हणेल. म्हणू दे. उद्या सकाळी मी आमची घरगाडी घेऊन एकटा घाट उतरणार आहे. गाडी माझ्या लग्नापेक्षा आठ वर्षांनी जुनी आहे, म्हणून आधी लिहिलेले बरे. यापूर्वी मी दोन मृत्युपत्रे लिहिली होती, एक दाढ काढायच्या आदल्या दिवशी आणि एक लिफ्टमध्ये अडकलो होतो त्याच्या दुसऱ्या दिवशी. ती दोन्ही रद्द समजावीत.

कलम एक. राहते घर, म्हणजे दोन खोल्या आणि मागची पत्र्याची शेड, माझ्या मुलीला. एकुलती एक आहे, तिलाच जायला हवे. खुशीने देतो असे लिहिण्याची पद्धत आहे, पण मी ते लिहीत नाही. का, ते कलम चारमध्ये येईल. न्हाणीघरातला नळ बंद झाला असे वाटते तेव्हा झालेला नसतो, त्याला आणखी अर्धा फेरा द्यावा. बाहेर पडताना गॅसचे बटण दोनदा पाहावे. मी तीनदा पाहतो, पण तिला दोनदा पुरे.

कलम दोन. शिलाई मशीन, सगळ्या वाकड्या सुया, खिळ्यांचा हातोडा आणि रेक्झिन कापायची मोठी कात्री बाजारातल्या छत्री दुरुस्तवाल्याला. कात्रीने कागद कापू नये. कापला तर मला कळणार नाही हे मला समजते, तरी कापू नये.

कलम तीन. शेजारच्या औषध दुकानदाराने नऊ वर्षांपूर्वी माझी शिडी 'पाच मिनिटांसाठी' नेली. ती आता त्याचीच. पण मी दिली म्हणून त्याची, मी विसरलो म्हणून नव्हे.

कलम चार. घरगाडी. ही कोणाला द्यायची ते मला अजून ठरवता आलेले नाही. एकतीस वर्षांपूर्वी मी मिस्त्रीला शब्द दिला होता की माझ्यामागे ती त्याची. मिस्त्री म्हणजे माझा लहानपणापासूनचा मित्र, त्याचे गॅरेज आहे. गाडी भंगारात निघाली होती. त्याने इंजिन उघडले, मी आतल्या सीटा, पडदे आणि गाद्या शिवल्या. आत झोपायला दोन फळ्या, शेगडी, मोरी, सगळे आहे. तेव्हा तो म्हणाला, "तू मेलास की मी घेणार बरं का ही." मी म्हणालो, "घे, पण घाई करू नकोस."

या गाडीने आम्हा नवराबायकोला किती छळले ते लिहायला हा कागद पुरणार नाही. छत नेमके बायकोच्या उशीवर गळायचे. ती छत्री उघडून झोपायची आणि मी रात्रभर छत्रीची काडी डोळ्यात जाईल म्हणून जागा. डावे वळण आले की दार आपोआप उघडायचे. चढावर गाडी इतकी हळू चालायची की बायको खाली उतरून बाजूने पायी यायची, माझ्याआधी वर पोचायची आणि दगडावर बसून विचारायची, "काय हो, वाटेत कुठे थांबला होतात?" मुक्कामाला गाडी सपाट उभी आहे का ते ती ताटलीत पाणी ओतून बघायची. "पाणी दाराकडे पळतंय, मागचं चाक उचला." मग मी चाकाखाली फळी सरकवायची. पण सकाळी पडदा बाजूला केला की खिडकीबाहेर रोज वेगळे काही. एकदा एक घोडा काचेला नाक लावून आमचा चहा बघत उभा होता. असे सुख मला दुसऱ्या कशात मिळालेले नाही, आणि मी सुखात असताना काही मोडेल का याचीच वाट बघत असायचो, हेही खरे आहे.

तीन वर्षांपूर्वी मोडले. दुसऱ्या गिअरचे दाते गेले. दुसऱ्या गिअरशिवाय घाट उतरता येत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक जळतात. घाटाच्या खाली मोठे तळे आहे, तिथे जायचे आमचे त्या वर्षी ठरले होते. मिस्त्री म्हणाला, "इतक्या जुन्या गाडीचा गिअर आता कुठे मिळतोय? शोधतो." तो शोधत राहिला. बायको दर आठवड्याला मला विचारायची, "आला का हो तो गिअर?" मी म्हणायचो, "येईल गं." तिसऱ्या वर्षी, मागच्या पावसाळ्याआधी, ती गेली. पोटाचा आजार होता. मला शेवटच्या दोन महिन्यांत सांगितले.

या जानेवारीत मिस्त्रीच्या गॅरेजात स्टुलाला गादी लावायला गेलो. खिळे शोधताना वरच्या फळीवर एक पुडके दिसले, हिरव्या रेक्झिनमध्ये गुंडाळलेले. मिस्त्री प्रत्येक नवा भाग माझ्या उरलेल्या कापडात गुंडाळतो, फुकट मिळते म्हणून. हे हिरवे रेक्झिन मी एकदाच आणले होते, तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात, एका रुग्णवाहिकेच्या सीटांसाठी. पुन्हा कधी आणले नाही, फार चिकट होते. आत आमच्या गाडीचा दुसऱ्या नंबरचा गिअर होता. नवा. तेल लावलेला.

मी तो त्याच्या टेबलावर ठेवला आणि म्हणालो, "हा बसव."

तो बराच वेळ हात पुसत राहिला. मग म्हणाला, "वहिनींनी सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

"भाऊजी, मला आता बसून प्रवास व्हायचा नाही म्हणाल्या. पण ह्यांना आजार कळला तर हे आजच मरतील. गिअर मिळत नाही म्हणा. गाडीच मोडली म्हटलं की हे गप्प बसतील."

"आणि तू म्हटलंस."

"मग काय करणार होतो? तुला खोकला झाला तरी तू मृत्युपत्र लिहितोस!"

मी घरी येऊन मुलीला फोन केला. तिलाही माहीत होते. "बाबा, आईने शपथ घातली होती," म्हणाली आणि रडायला लागली. मी फोन ठेवला.

म्हणजे तिघांना माहीत होते. दर आठवड्याला ती मला तोंडावर विचारत होती, आला का हो तो गिअर, आणि तो फळीवर आहे हे तिला ठाऊक होते. मी घाबरट आहे म्हणून मला खरे सांगायचे नाही असे माझ्याच माणसांनी ठरवले. मी घाबरलो असतो. रात्र रात्र जागलो असतो, डॉक्टरांना दहा वेळा तेच विचारले असते, तिला वीट आणला असता. पण दोन वर्षे मी तिच्याजवळ बसलो असतो. त्याऐवजी मी संध्याकाळी भंगारवाल्यांकडे गिअर शोधत फिरलो. ती खिडकीतून हात हलवायची. हे मी कोणालाच माफ करीत नाही, गेलेल्या माणसालाही नाही.

मिस्त्रीने सहा दिवसांत गिअर बसवला. मी गॅरेजात गेलो नाही. आज मी गाडीतच, जेवणाच्या फळीवर हे लिहीत बसलो असताना तो न बोलावता आला, गाडीखाली शिरला आणि अर्धा तास ब्रेक तपासत राहिला. बाहेर आला तेव्हा गिरणीवाल्या बाई दारात उभ्या होत्या. मी त्यांना साक्षीला बोलावले होते.

"दुसरा साक्षीदार कोण?" त्याने विचारले.

"अजून कोणी नाही."

"मी करतो सही."

मी त्याला वकिलाने सांगितलेले सांगितले. मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्या मृत्युपत्रातून काही मिळत नाही. सही केलीस तर गाडी गेली. आणि तुझ्याबद्दल वर काय लिहिले आहे ते आधी वाच.

त्याने चष्मा लावून सगळे वाचले. दोन वेळा. बाई म्हणाल्या, "अहो, माझी गिरणी चालू आहे तिकडे." त्याने हात पुसला आणि पेन मागितले.

"तुला गाडी नको?" मी विचारले.

"हवी आहे रे," तो म्हणाला. "एकतीस वर्षं हवी आहे. पेन दे."

तेव्हा कलम चार पुरे करतो. घरगाडी माझ्या मुलीला. तिने ती विकली तरी चालेल. अट एकच, आणि ती मी जिवंत असतानाच लागू होते, वकील काहीही म्हणो. यापुढे माझ्या घरात कोणालाही काही झाले, मला झाले, तिला झाले, तर ते मला त्याच दिवशी सांगावे. मी घाबरेन. घाबरू द्यावे.

हे मी स्वतःच्या हाताने लिहिले, साक्षीदारांसमोर वाचून दाखवले आणि त्यांच्यासमोर सही केली.

ठिकाण: घरासमोर उभ्या गाडीत.
दिनांक: अकरा मार्च, दुपारचे सव्वाचार.

सही: सीटा शिवणारा, ऊर्फ धास्तीमामा

साक्षीदार पहिली: समोरच्या पिठाच्या गिरणीची मालकीण. माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसरा: गॅरेजवाला मिस्त्री. माझ्यासमोर सही केली. गिअरबद्दल लिहिले आहे ते खरे आहे. मी तो तीन वर्षे लपवला.