माडीसमोरची बाग

बुलडाणा, मार्गशीर्ष

मेहुणे अर्जुनराव यांसी शेषरावचा सपरिवार रामराम. तुमचा गुडघा आता बसू देते का? धाड गावच्या बाजारात पायी जात नका जाऊ.

पत्राचं कारण असं, का आपली माडी भाड्यानं गेली. हाव, गेली! घरभरणीले समोरचा उकिरडा पाहून तुम्ही चार लोकांत बोलले होते, का इथं म्हैसबी भाड्यानं राह्यणार नाही (तेही वांग्याची भाजी दोनदा घेऊन). मले ते लय झोंबलं. त्यात तुमच्या बहिणीले शहरात करमेना. दिवाळीपर्यंत माडीवर माणूस नाही आलं तर मी भावाकडे चालली, असं गोजरनं बजावलं. तुम्ही तर तिकडं धाड गावात तिच्यासाठी खोलीबी झाडून ठेवली. इथं लोक जिना चढत, खिडकी उघडत, अन् नाक दाबून उतरत.

मग आषाढात मी नगरपरिषदेची ती मोकळी जागा साफ केली. करायची होती बाग, पण (घरचे म्हणून सांगतो) ओली काळी जमीन दिसली अन् हात सरळ तुरीच्या बियाण्यावर गेला. गुलाब-बिलाब सुचलाच नाही. शेजारचे घरमालक माणिकराव गच्चीवरून हसले. पण दिवाळीच्या तोंडावर डोक्याइतकी तूर पिवळ्या फुलानं भरली, अन् बँकेतल्या निशिगंधा मॅडम खोली पाहाले आल्या. खिडकी उघडली ती मिटेचनात. कशाची झाडं म्हणे. मी छातीठोक सांगतलं, शोभेची. त्या गालात हसल्या अन् त्याच दिवशी गादी आणली. आता गोजर अन् मॅडम दोघी संध्याकाळी माडीवर गप्पा हाणतात, मले कोणी चहा विचारत नाही. लय बरं वाटते. माणिकरावनं फाटकावर ‘बागेसमोर खोल्या’ अशी पाटी लावली, त्याच्याबी खोल्या गेल्या. हसणारा माणूस आता माझ्या तुरीले पाणी घालून राह्यला.

लहानांस आशीर्वाद. म्हशीले विशेष नमस्कार.

आपला,
शेषराव

ता. क. एक अडचण हाय. थोड्या दिवसांत तूर वाळंल, विळा लावून सोंगावी लागंल. बाग कोणी सोंगते का? हिरवं गेलं का मॅडम जातीन, मॅडममागं तुमची बहीण. तुमच्या बांधावरची कडुनिंब-करंजाची कमरेइतकी रोपं मुळासकट गाडीत घालून आणा. गोजरले कळू देऊ नका.

पुन्हा ता. क. गोजरनं पत्र वाचलं, पोट धरून हसून राह्यली. मॅडम साखरखेर्ड्याच्या शेतकऱ्याची लेक निघाली. पहिल्याच दिवशी तिनं गोजरले विचारलं होतं, “काकू, शेंगा उकडाले कधी येतीन?” खोली त्या शेंगांसाठीच घेतली म्हणे. तरी रोपं आणाच, माणिकरावच्या पाटीची लाज हाय. अन् गोजरचा निरोप हाय, का तिची धाडची खोली आता तुम्ही भाड्यानं द्या.