पट्ट्या उपटलेली गिटार

आश्विन शुद्ध पंचमी

माझ्या गजाननच्या लेकीने, स्नेहलताने, आज गिटारीच्या दांडीवरच्या सगळ्या धातूच्या पट्ट्या पकडीने उपटल्या. चांगली धडधाकट गिटार! खाचांत लाख भरली, घासली. तारांखाली सतारीसारखी हाडाची चपटी घोडी बसवली. म्हटलं, "मोडायचीच होती तर आणलीस कशाला?" म्हणे, "आजी, अब सुर फिसलेगा."

फिसलला खरा. शेजारीण विचारून गेली, "अम्माजी, बिल्ली फँसी है क्या कहीं?"

षष्ठी

बबिना छावणीतल्या सुभेदाराचा मुलगा पांडुरंग आला. त्याच्या गिटारीला सहाऐवजी तीनच तारा — जाड, सैल सोडलेल्या. वाजवली की फडताळातले डबे बोलतात. ही दोघं आणि एक ढोल बडवणारा — याला रॉक बँड म्हणतात!

गजानन चिडला. दसरा झाला की स्नेहलला कानपूरला धाडणार, बँकेच्या परीक्षेच्या क्लासला. दसऱ्याच्या मेळ्यात वाजवणार आहेत, तेवढं शेवटचं.

सप्तमी

डोकं दुखलं. पाय मात्र ताल धरत होता. वात असेल.

अष्टमी

आज नीट बसून ऐकलं. साध्या गिटारीवर सूर पायऱ्या मोजत उतरतो. हिच्यावर ओढत, घसरत येतो, बाईच्या गळ्यासारखा, आणि घोडीमुळे शेवटी झणझणतो. खालून पांडुरंगच्या तारा गुरगुरतात. बाई कडाकडा भांडतेय आणि म्हैस तिची बाजू घेतेय! हसू आलं. पोरांना दाखवलं नाही.

खंडेनवमी

घोटाळा केला मी! सकाळी पूजा मांडली — विळी, कात्री, गजाननचं पेन, दारात त्याची स्कूटर. म्हटलं, पोरीचंही हत्यार असू दे. गिटार पाटावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. पूजेतल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, ही आमच्याकडे आजेसासऱ्यांपासूनची रीत.

स्नेहल किंचाळली, "आजी, ये क्या किया! प्रोग्राम आजच आहे!"

मला वाटलं, मेळा दसऱ्याचा म्हणजे वाजवणंही दसऱ्याला.

गजानन खूश. "देवाचीच इच्छा!" पोरांनी कुणाची तरी साधी गिटार मागून आणली, वाजवून पाहिली. बिनमिठाची दुधीची भाजी! पांडुरंग म्हणाला, "आजी, हे आमचं गाणंच नाही." स्नेहल भिंतीकडे तोंड करून बसली.

उठले. पाटावर अक्षता टाकल्या, गिटार उचलली.

"आई! दसऱ्याआधी?"

"शत्रू दारात आला तर तलवार पाटावरच ठेवायची होय रे? जा, स्कूटर काढ. तीही पूजेतलीच आहे!"

काढली बापड्याने.

मेळ्यात मागच्या रांगेत बसलो. तारांना कुंकू लागलेलं, स्नेहलची बोटं लाल. लोक आधी हसले. मग खुर्च्यांवर उभे! गजानन बसूनच होता. पुढच्या गर्दीमुळे त्याला काय दिसलं देव जाणे. ऐकत होता पण.

दसरा

सोनं वाटलं. गजानन दिवसभर स्कूटर पुसत बसला. स्नेहलने बॅग भरली.

एकादशी

गजाननने कानपूरच्या क्लासला फोन लावला. "लड़की नहीं आएगी जी." पलीकडच्याने कारण विचारलं असणार. याने फोन गिटारीपुढे धरला आणि म्हणाला, "वाजव गं, ऐकू दे त्याला."