अर्जाखालचं नाव

१२ सप्टेंबर, सकाळ

ती. ताईस नमस्कार.

भाऊजींचा गुडघा कसा आहे? तुझ्या शिलाई मशीनचा पट्टा दर दोन वर्षांनी बदलायचा असतो. बदलला नसशीलच. मी ठीक. झोप तेवढी लागत नाही.

खोलीबद्दल लिहायचं आहे. मालकाने भाडं एकदम दीडपट केलं आणि सगळा मजला घाबरला. मी नाही घाबरलो. वाचनालयात बसून भाड्याचा कायदा कलमाकलमाने वहीत उतरवला. वर्षाला शेकडा चारच्या वर वाढ करता येत नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. सातवी नापास माणसाने भाडे कार्यालयाला अडीच पानी अर्ज केला, एकही खाडाखोड नाही. खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई म्हणाली, "मशीनवाले, तुम्ही आता वकिलांच्या पोटावर पाय आणणार!" मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू.

चूक तिथेच झाली. एवढा नेटका अर्ज कुणी लिहिला ते दिसायला हवं, म्हणून खाली ठसठशीत अक्षरात माझं नाव घातलं. आणि पावत्या अजून बाबांच्या नावाने निघतात. ते गेल्याचं चार वर्षांत मी मालकाला कळवलंच नाही. दर महिन्याला पावतीवर त्यांचं नाव वाचायचं, घडी घालून डब्यात ठेवायची, एवढंच.

परवा सुनावणीत मालकाचा कारकून उठला. "अर्ज फक्कड आहे हो. पण पावतीवरचे गृहस्थ कुठे आहेत? आणा की त्यांना!" सगळे हसले. ताई, सुईच्या नाकाएवढे स्क्रू बसवणारा मी, आणि वहीतलं एक कलम मला सापडेना.  

अधिकारीबाईंनी शांतपणे समजावलं. वाढीची मर्यादा जुन्या भाडेकरूला, आणि त्याच्यामागे, शेवटपर्यंत त्याच खोलीत त्याच्याबरोबर राहिलेल्या घरच्या माणसाला. तसं नसेल तर मी नवा भाडेकरू. मालक मागेल ते भाडं द्यायचं, नाहीतर महिनाअखेर खोली रिकामी करायची. हे कलमही मी उतरवलं होतं. स्वतःला लावून वाचलं नव्हतं.

तेव्हापासून जिन्यात पाऊल वाजलं की माझा पाय दुरुस्तीला आलेल्या मशीनच्या पायडलवरच थांबतो. काल टपालवाला होता. तरी दार उघडायला मला वेळ लागला. बावन्नाव्या वर्षी हत्यारांची पेटी घेऊन कुठे जाऊ? इथल्या खिडकीच्या उजेडाशिवाय मला आता दोरा ओवता येत नाही. हे कुणाला सांगितलेलं नाही.

बाबा शेवटचे सात महिने तुझ्याकडे होते. "दोन महिने सांभाळ, काम आटोपलं की न्यायला येतो," असं मी म्हणालो होतो. काम पंधरा दिवसांत आटोपलं होतं. मला त्यांच्या खोकल्याची भीती वाटायची. एकट्याने ते ऐकत बसवेना.

सोबत तुझ्या सहीसाठी प्रतिज्ञापत्र आहे. बाबा शेवटपर्यंत याच खोलीत माझ्याजवळ होते, असं त्यात लिहिणार होतो. तीनदा लिहिलं, तीनदा कागद फाडला. म्हणून ती एक ओळ कोरी ठेवली आहे. तेवीस तारखेला पुढची सुनावणी, त्याच्या आत ते इथे पोचायला हवं.

काय भरायचं ते तू भर. तू खरं तेच भरशील, याची भीती वाटते. आणि माझ्यासाठी खोटं भरलंस, तर या खिडकीशी मी कोणत्या तोंडाने बसू, याचीही.

बाबांना न्यायला न आलेला,
तुझा धाकटा भाऊ